डोमाचा सडवा

डोमा वलथऱ्याला नाक होतं. नाक सगळ्यांनाच असतं म्हणा, पण डोमाचं कमावलेलं होतं. बोडीच्या पाळीवर उभं राहून नुसता श्वास ओढून तो सांगायचा, आज मासा वर आहे का तळाशी, पाणी कुठल्या कोपऱ्यात नासतंय, शिंगाड्याला कीड लागणार का नाही. गावातले लोक तोंडावर हसायचे आणि मागून त्याचंच ऐकून जाळं टाकायचे. त्या नाकाचा डोमाला मोठा अभिमान. पुढे जे झालं ते नाकापायीच झालं, म्हणून नाकाचं आधी सांगून ठेवलेलं बरं.

बोडी म्हणजे लहानसा तलाव. धानाच्या या मुलखात गावागणिक एखादी असतेच. ही बोडी आसगावच्या रस्त्याला, कालव्याच्या अलीकडे. डोमा जातीचा ढिवर. बाप याच पाण्यात जाळं फेकत म्हातारा झाला, आणि डोमाही पोहायला आधी शिकला, चालायला नंतर, असं त्याची आई सांगायची. बायको तुळसा दर पावसाळ्यात छातीएवढ्या पाण्यात उतरून शिंगाड्याचे वेल लावायची, दिवाळीच्या सुमाराला डोंग्यात बसून शिंगाडे तोडायची आणि उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन पवनीच्या बाजारात बसायची. शिंगाडे सोलून सोलून तिची बोटं वर्षभर काळी असायची. मुलगी खुशबू दिघोरीला दिली तेव्हा लग्नात मुलाकडच्या बाया त्या बोटांकडे बघून कुजबुजल्या, तर तुळसानं मुद्दाम त्याच हातांनी सगळ्यांना वाढलं.

मग बोडीच्या वरच्या अंगाला श्यामरावांची तांदळाची मिल आली. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायचा तर धान आधी गरम पाण्यात भिजवावं लागतं, मग वाफ, मग वाळवण, मग भरडणं. भिजवणीचं जे पाणी उरतं ते पिवळट, कोमट, दिसायला इतकं गरीब की कुणी पेज म्हणून तोंडाला लावावं. पण धानाचं सत्त्व त्यात उतरलेलं असतं, आणि सत्त्व उघड्यावर पडलं की सडतं. ते पाणी हौदातून नालीत, नालीतून नाल्यात, आणि नाल्यातून सरळ बोडीत. पहिल्या हंगामात दाढक मासा गेला, मग शिंगूर. मरळ ही चिवट जात, चिखलातही जगते; तीसुद्धा एका सकाळी तोंड वर काढून हवा पिताना दिसली तेव्हा डोमानं खांद्यावरचं जाळं खाली टाकलं. शिंगाड्याची पानं काळी पडली. जी थोडी फळं आली त्यांना असा वास, की गिऱ्हाईक सोलून तोंडात टाकायचं आणि तुळसाच्या समोरच थुंकायचं.

श्यामराव राक्षस असते तर बरं झालं असतं. राक्षसाशी भांडता तरी येतं. पण श्यामराव गोड माणूस. गावातल्या लग्नाला तांदळाचं पोतं पाठवणार, मयतीला सगळ्यांच्या आधी हजर राहणार, आणि बोडीचं नाव काढलं की कपाळाला हात लावून म्हणणार, "डोमा, मले का वाईट नाई वाटत का गा? पन ते पानी जाईन तरी कुटी?" बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. डोमा तो जेवून गपचूप घरी यायचा आणि तुळसा विचारायची, "भरलं का पोट?"

असं काही वर्षं चाललं. मग वरून कुठूनतरी दट्ट्या आला. उसना मिलवाल्यांनी असं पाणी सोडायचं नाही, सोडलं तर मिलला कुलूप. श्यामरावांनी नागपूरच्या एका कंपनीला बोलावलं, आणि मिलच्या मागं, नाल्याच्या तोंडाशी, एक भलीमोठी गोल टाकी उभी राहिली. तिच्यावर पांढरा रबरी फुगा. गावानं तिचं नाव लगेच ठेवलं, गोबरगॅस.

टाकी उभारायला जी इंजिनिअर आली तिचं नाव प्रतिक्षा. डोक्याला रुमाल, पायात गमबूट, चिखलाला न भिणारी पोरगी. टाकीचं काम बघायला डोमा रोज येऊन उभा राहायचा. एक दिवस तिनंच हाक मारली आणि समजावून सांगितलं.

"हे बघा डोमाभाऊ, ही टाकी म्हणजे जनावराचं पोट समजा. आधी शेण टाकून यात जंतू वाढवायचे. मग मिलचं पाणी थोडं थोडं पाजायचं. जंतू ते आतल्या आत आंबवतात, त्याचा गॅस वर फुग्यात जमतो. तो जाळा, चहा करा, वाफेला वापरा. आणि खालून जे पाणी निघेल ते बोडीला बाधणार नाही."

"मंग बोडीत मासा येईन का, मॅडम?"

"येईल की. टाकी नीट चालली तर का नाही येणार?"

डोमानं एवढंच ऐकलं. मासा येईल. आणि आणखी एक शब्द त्यानं ऐकला, जो त्या पोरीच्या तोंडून सहज निघून गेला होता: आंबवणं. हे मात्र डोमाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

त्याचं असं झालं होतं, की लग्नाच्या आधी डोमा आपल्या मामासोबत जंगलाच्या कडेला मोहाची भट्टी लावायचा. मोहफुलं पाण्यात भिजत घातली की त्यांचा सडवा होतो. सडवा कधी तयार झाला हे मामा डोमाच्या नाकाला विचारायचा. आंबट, तिखट, डोळ्यात पाणी आणणारा वास आला, वर फेस आला, बुडबुडे फुटायला लागले, की डोमा ओरडायचा, "उठला!" मंद पडला तर त्यात गूळ टाकायचा, की तो परत उठायचा. त्याचा अंदाज कधी चुकला नाही. पुढे गावातल्या बायांनी दारूबंदी केली आणि सगळ्या भट्ट्या फोडल्या. डोमाचा माठ जिनं फोडला तीच तुळसा. दोघांची ओळख तिथली. डोमा पाहुण्यांना सांगायचा, "इनं आंधी माहा माठ फोडला, मंग मले पकडलं."

डोमानं श्यामरावांकडे जाऊन टाकीवरचं काम स्वतःहून मागून घेतलं. प्रतिक्षानं त्याला पाणी किती सोडायचं, चाक कसं फिरवायचं, सगळं दाखवलं. नाल्याकडे जाणारा जुना रस्ता बंद करणारं एक चाक, टाकीकडे पाणी नेणारं दुसरं. कागदाच्या पट्ट्यांची डबी दिली. टाकीतल्या पाण्यात पट्टी बुडवायची. हिरवी झाली की ठीक, पिवळी पडली की तिला फोन. आणि जाताना परत बजावलं, "हावरेपणा नको, डोमाभाऊ. पोट लहान आहे तिचं."

पावसाळाभर त्यानं गावातून शेण गोळा करून टाकीत ओतलं. ढिवर शेण उचलतोय म्हणून लोकांनी टिंगल केली, त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दसऱ्याच्या सुमाराला टाकीजवळच्या शेडमधल्या शेगडीत पहिल्यांदा निळी ज्योत आली. तुळसा हळदीकुंकू आणि नव्या धानाच्या चार लोंब्या घेऊन आली. तिनं टाकीच्या भिंतीला कुंकू लावलं, वरच्या टम्म फुग्याकडे बघून म्हणाली, "गाभन हाये जनू," आणि पदर तोंडाला लावून हसली. त्या शेगडीवर तिनं चहा केला. नासक्या पाण्याच्या आगीवर केलेला चहा, पण डोमाला तो असा लागला, की त्यानं बशीसुद्धा चाटून पुसली.

आणि खरोखरच बोडीचा वास उतरायला लागला. आधी सकाळचा, मग दुपारचाही. बगळे आले. एक दिवस डोमा धावत घरी गेला आणि चुलीपुढून तुळसाला हाताला धरून पाळीवर घेऊन आला. काठाशी पाण्यात बोटाएवढी पिल्लं फिरत होती. तुळसा बराच वेळ उकिडवी बसून बघत राहिली.

"येत्या पावसाळ्यात वेल लावीन मी," ती म्हणाली.

"लाव ना. आता कोन अडवते तुले?"

हे सुख टिकलं असतं. मोठ्या माणसांना उद्घाटन केल्याशिवाय राहवत नाही, हीच अडचण. टाकी चालू होऊन महिने उलटले होते, पण तिची फीत कापायची राहिली होती. संक्रांतीच्या पुढे कुणी बडे साहेब येणार असं ठरलं, आणि श्यामराव टाकीजवळ आले.

"डोमा, ज्योत केवढी निंगते बे?"

"वीतभर निंगते, मालक."

"वीतभर ज्योत दाखवू का साहेबाले? चांगली मानसाएवढी पायजे. पेपरवाले येनार हायेत."

डोमानं सांगितलं की थंडीत टाकी मंद असते, मॅडम म्हणतात हावरेपणा नको. श्यामरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडम गेली दुसऱ्या कामावर, गोंदियाकडे. तू हायेस ना. तुह्या हाताले गुन हाये, अख्खं गाव म्हनते." डोमाच्या दुखण्यावर नाही, नेमकं दुखण्याच्या उलट्या जागी बोट ठेवलं त्यांनी. माणूस शिव्यांनी चुकत नाही तितका कौतुकानं चुकतो.

मिलच्या कोपऱ्यात भिजून खराब झालेली कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, पोत्यांनी पडली होती. डोमानं ती टाकीत ओतली. मग पदरचा गूळ आणून पाण्यात कालवून ओतला. मोहाचा सडवा मंद पडला की मामा हेच करायचा. दुसऱ्या दिवशी शेण ओतायच्या तोंडाचं झाकण उघडलं तर वर पांढरा फेस, बुडबुड्यांची नुसती लगबग, आणि नाकात असा आंबट, तिखट वास शिरला की डोमाच्या डोळ्यांना पाणी आलं. इतक्या वर्षांनी तो वास! त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "उठला!" आणि त्यानं आणखी कनकी ओतली.

पट्ट्यांची डबी तेव्हा रिकामी होती. प्रतिक्षाचा मध्ये एकदा फोन आला, पट्टी बघता ना म्हणून. "सब बढिया हाये, मॅडम," डोमा म्हणाला. त्याला ते खोटं वाटलंच नाही. पट्टी काय, नाक काय, एकच तर काम. उलट पट्टी परक्याची आणि नाक आपलं.

उद्घाटनाला मंडप, खुर्च्या, हारतुरे, सगळं होतं. फुगा इतका ताणलेला की हात मारला तर ढोल वाजावा. तुळसा बायांमध्ये पुढेच बसली होती, नवं लुगडं नेसून. साहेबांनी फीत कापली, भाषण केलं, आणि मोठ्या शेगडीजवळ काडी धरली. डोमानं गॅसचं चाक खोललं. गॅस सूंऽऽ करत बाहेर आला.

काडी विझली.

साहेब हसले. दुसरी काडी. तीही विझली, पेटायचं तर दूरच, आतून येणारा गॅस तिला फुंकर मारल्यासारखा विझवत होता. श्यामरावांनी काडेपेटी ओढून घेतली. मागून कुणी पोरगा म्हणाला, "गोबरगॅस पादून राहिला," आणि सगळा मंडप हसला. डोमा चाकाला धरून तसाच उभा होता. इतका गॅस, आणि जळत नाही, हे त्याच्या डोक्यात शिरतच नव्हतं. त्यानं तुळसाकडे पाहिलं. सगळ्या मंडपात तेवढी ती एकटी हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रतिक्षा धावत आली. तिनं नळातून पाणी काढलं, खिशातून पट्टी काढून बुडवली, आणि डोमापुढे धरली. हळदीसारखी पिवळी.

"काय घातलंत यात?"

डोमानं सांगितलं; कनकी, गूळ आणि मामाचा सडवा, सगळं. ती टाकीच्या कट्ट्यावर बसली.

"आंबट झालीय टाकी, डोमाभाऊ. जंतू मेले. हा गॅस जळायचा नाही, दुसराच गॅस आहे हा."

"पन मॅडम, तुमीच तं म्हनल्या का आंबवाचं हाये."

प्रतिक्षानं त्याच्याकडे बघितलं, आणि आपला शब्द कुठल्या कानात जाऊन पडला ते तिला कळलं असावं. "आंबवायचं, भाऊ," ती हळू म्हणाली. "आंबट करायचं नाही. दारूचं आंबणं वेगळं."

डोमाला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. आयुष्यात एका गोष्टीवर त्याचा पक्का विश्वास होता, आणि त्याच गोष्टीनं त्याला तोंडघशी पाडलं.

उपाय होता. मिलचं पाणी काही आठवडे बंद ठेवायचं, टाकीत चुना टाकायचा, नवं शेण घालायचं आणि धीर धरायचा. प्रतिक्षानं श्यामरावांना हे सगळं समजावलं. श्यामराव ऐकून घेऊन म्हणाले, "बंद कसं ठेवाचं? नवं धान येऊन राहिलं, बाहेर ट्रक उभे हायेत. पोट सगळ्यायलेच हाये, मॅडम, तुमच्या टाकीलेच नाई." आणि डोमाला सांगितलं, नाल्याकडचं चाक खोल, टाकी दुरुस्त होईपर्यंत.

डोमानं खोललं. न खोलून काय करणार होता? ज्या हातानं टाकी नासवली त्या हाताला नाही म्हणायचा हक्क उरला नव्हता, असं त्याला वाटलं. त्याला तसंच वाटावं हे श्यामरावांनाही बरंच होतं.

होळीच्या आत बोडीतली पिल्लं पोट वर करून काठाला लागली. तुळसा टोपल्यात ती वेचत होती, आणि वास पसरू नये म्हणून पाळीपलीकडे खड्ड्यात टाकत होती. डोमा मदतीला खाली उतरला तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, "तुमच्या नाकाले का झालतं हो?" रागानं नाही, खरंच विचारलं. डोमा तिच्या शेजारी बसून पिल्लं वेचायला लागला.

पण डोमा बसून राहणारा नव्हता. प्रतिक्षाची कंपनीनं दूर कुठेतरी बदली केली. जाण्याआधी तिनं त्याला पट्ट्यांच्या दोन डब्या दिल्या. मिलचं पाणी नाल्यात जातच होतं, त्यामुळं टाकीला आपोआप उपास घडत होता. डोमानं पाण्यात चुना कालवून टाकीत सोडला, परत दारोदार हिंडून शेण आणलं. आता तो नाकाला विचारत नव्हता. वास आला की तोंड फिरवून पट्टी बुडवायचा. पिवळी. पिवळी. मग एक दिवस पोपटी. आणि उन्हं चांगली तापायला लागल्यावर एका दुपारी पट्टी हिरवीगार निघाली. त्यानं शेगडीला काडी लावली, आणि करंगळीएवढी निळी ज्योत उभी राहिली.

तो पळतच श्यामरावांच्या खोलीत गेला. "मालक, पेटली! आता थोडं थोडं पानी इकडे देऊ, पावसाळ्यापावतर पुरी चालू होते."

श्यामराव पंख्याखाली बसून आंबा खात होते. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, फोडही दिली. मग म्हणाले, "डोमा, तू भोळा हायेस. चालू झाली का रोज चालवा लागन. पंप, वीज, चुना. आन जराक बिघडली का साहेब म्हनतीन, काहून बिघडली? आता का हाये, दुरुस्तीत हाये म्हनलं का कोनी काई इचारत नाई. टाकी हाये ना दाखवाले? बस झालं."

डोमाच्या हातातली आंब्याची फोड तशीच राहिली. त्याला आजवर वाटत होतं की आपण टाकी मारली. आता कळलं की मेलेली टाकी मालकाला जितीहून जास्त कामाची होती. त्याच आठवड्यात टाकीचा पंप काढून मिलच्या दुसऱ्या कामाला लावला गेला, आणि बाहेर पाटी लागली: दुरुस्तीचे काम चालू आहे. करंगळीएवढी ज्योत काही दिवस जळली आणि विझली.

मग त्यानं नोकरी का सोडली नाही, असं कुणी विचारेल. विचारणाऱ्याचं काय जातं! बोडीत मासा नव्हता म्हणून मिलचा पगार लागत होता, आणि मिलच्या पगारापायी बोडीत मासा नव्हता. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, पण इथं कुंपणालाही शेताशिवाय जागा नव्हती. टाकीचा राखणदार म्हणून डोमाला ठेवलं होतं. काम एवढंच, की मिलमधून हाक आली की नाल्याचं चाक खोलायचं. पंपाचं, टाकी मालकाला नकोच आहे याचं, त्यानं तुळसाला काही सांगितलं नाही. ती विचारायची, "कवा होनार दुरुस्त?" तो म्हणायचा, "होईन."

जेठात धान संपलं, मिल थांबली. पाऊस लागला, बोडी भरली, वर्षभराची घाण सांडव्यावरून वाहून गेली. पाणी पुन्हा पाण्यासारखं दिसायला लागलं. तुळसा खुशबूकडे दिघोरीला धानाच्या रोवणीला गेली होती, ती परतली त्याच दिवशी मिलमध्ये तपासणीची गाडी येणार होती. उन्हाळी धान येऊन पडलं होतं आणि मिल त्याच दिवशी सुरू व्हायची होती. अंगण झाडायला, रांगोळी काढायला गावातल्या बाया बोलावल्या, त्यात तुळसाही गेली.

शेडच्या मागं, ताडपत्रीखाली, श्यामरावांनी सिलिंडर ठेवायला लावला होता. त्याची नळी भिंतीतून आणून टाकीच्या शेगडीला जोडली होती. जोडली कुणी? डोमानंच. फुग्यात पंख्यानं हवा भरली. तपासणीवाले आले, नाकाला रुमाल लावून टाकीभोवती फिरले, आणि श्यामराव म्हणाले, "डोमा, दाखव."

डोमानं काडी ओढली. पहिल्याच काडीला ज्योत भडकली, चांगली हातभर, निळी. श्यामरावांना पाहिजे होती तशीच. तपासणीवाल्यांनी माना हलवल्या. रांगोळीपाशी बसलेल्या बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्यात तुळसा उभी राहिली. तिच्या तोंडावर असं हसू होतं जे डोमानं दसऱ्यानंतर पाहिलं नव्हतं. गाडी गेल्यावर ती जवळ आली.

"झाली म्हना चालू!"

खरं सांगायची वेळ ती होती. तोंडापर्यंत आलंही होतं. पण एवढ्या महिन्यांनी ती त्याच्याकडे नजर उचलून बघत होती, आणि ती नजर परत खाली जाताना बघायची त्याच्यात ताकद नव्हती. संध्याकाळी घरी सांगू, असं त्यानं ठरवलं.

"हो," तो म्हणाला.

ती लगबगीनं गेली. कुठं गेली ते त्यानं विचारलं नाही. मिलचा भोंगा वाजला, वाफ सुटली, गरम पाण्यात धान पडलं. तपासणीची गाडी गेलेली, आता कुणाची भीती? दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशी आतून हाक आली, "डोमाऽऽ, हौद खाली कर!" डोमा उठला आणि सवयीनं नाल्याचं चाक फिरवलं. पिवळं पाणी वाफाळत नाल्यातून निघालं. आदल्या संध्याकाळी तुळसाला खरं सांगायचं राहून गेलं होतं. तुळसा आसगावला बहिणीकडे मुक्कामाला गेली, असा निरोप शेजारणीनं दिला होता. कशाला गेली, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

चाक फिरवून तो पाण्यासोबत नाल्याकाठानं चालत पाळीवर आला, आणि थांबला.

बोडीत तुळसा होती. छातीएवढ्या पाण्यात, पदर खोचून. शेजारी डोंगा, डोंग्यात शिंगाड्याच्या वेलांचे ओले भारे. आसगावहून ती वेल घेऊन आली होती. अंगठ्यानं एकेक वेल तळाच्या चिखलात दाबत ती पुढे सरकत होती, आणि काहीतरी गुणगुणत होती. बोडीचा अर्धा भाग लावून झाला होता; पाण्यावर हिरवी पानं चांदण्यांसारखी पसरली होती.

"तुळसा, बायेर ये."

"थांबा ना. अर्धी राह्यली अजून."

"बायेर ये म्हनतो."

"काहून?"

डोमानं खाली बघितलं. नाल्याचं तोंड त्याच्या पायाशीच होतं, आणि तिथून पिवळ्या पाण्याची जीभ बोडीत शिरायला लागली होती. तुळसाला त्याच्यासारखं नाक कधीच नव्हतं. पण तिनं गुणगुणणं थांबवलं, तोंड वर केलं, आणि हळू श्वास ओढला. एकदा. मग परत.

"चाक कोनं खोललं?" तिनं विचारलं.

"मी."

तिनं हातातला वेल चिखलात रोवून पुरा केला. मग उरलेले भारे डोंग्यातून उचलून छातीशी धरले आणि पाणी कापत काठाकडे आली. तिला वर ओढून घ्यायला डोमानं वाकून हात पुढे केला. तिनं वेलांचे भारे त्या हातात ठेवले, आणि पाळीचा दगड धरून आपली आपण वर चढली.